लहूकाकाचा आवाज

—नाकाला रुमाल लावा ना ताई, लाजताय काय, सुकटीचा वास आहे, तुम्हाला येणारच — पण ते सर्टिफिकेट आधी पिशवीत टाका. शी! सोनेरी बॉर्डर काय, माझा फोटो काय, 'धाडसी बालक' काय! बालक? सतरा चालू आहे मला, दहावीला दोनदा आपटलोय, बालक कुठला! नाही येणार तुमच्या रेडिओ क्लबच्या हॉलमध्ये, शाल-बिल नको. का म्हणजे? किळस येते, म्हणून.

बसा त्या टबावर, उलटा आहे, साफ आहे. आता तुमचे प्रबुद्ध सर — चांगला माणूस, नाही कोण म्हणतंय — पण पहिले दोन तास मला त्यांची एवढी घाण वाटत होती ना! मुलुंडहून आले, बाबांची बोट दिवसभरासाठी घेतली, का तर समुद्रातून हॅम रेडिओ करायचाय. म्हटलं ते काय असतं? तर हौस असते म्हणे, लायसन असतं, सरकारने दिलेलं आपलं एक नाव असतं — अक्षरं आणि आकडे — ते घेत बसायचं आणि लांब कुणी ऐकतंय का बघायचं. झालं. मालाडच्या बिल्डिंगी दिसतायत अजून, आणि हा माणूस बालदीत ओकायला लागला. ओकायचं, तोंड पुसायचं, परत तेच — अक्षरं, आकडे, 'ओव्हर'. श्रीलंकेतून कुणीतरी 'ऐकू येतंय' म्हणालं तर असे खूश, जसं काय पोरगी पास झाली! आणि लगेच वहीत — किती वाजले, कोण बोललं, आवाज साफ होता का. वहीवर पण ओकलेत, बघा तुम्ही, एक पान चिकटलंय.

आमच्यात तसलं नसतं. बोटीवरच्या वायरलेस सेटवर नाव कोण सांगतो? आवाजावरूनच ओळखतात. 'काय रे, म्हावरा लागला का?' — एवढं बोललं की पंधरा बोटींना कळतं, हा लहूकाका. मध्येच फाटणारा आवाज, शेवटी खोकला. सोपा. म्हणजे — काढायला सोपा. मला सगळ्यांचे येतात. ते लिहू नका हां.

बरं, सांगतो, कोण ना कोण सांगेलच. होळीच्या आधी, बोट बंदरात बांधलेली, मी सेटवर बसलो आणि काकाच्या आवाजात — 'पाणी घुसलं रे, धावा!' तीन बोटी जाळी सोडून धावल्या, एकाने तर जाळं कापलं! आणि लहूकाका त्याच्या बोटीत मजेत बोंबील-भात हाणतोय! बाबांनी तुडवला मला. पण काका — तोच पहिला हसला. 'माझ्यापेक्षा माझ्यासारखा बोलतो साला,' म्हणाला. मग काय, चढलो ना मी. आठवड्याला एकदा तरी लहूकाका बुडायचाच.

तर त्या दिवशी — सर आडवे पडलेले, बाबा सुकाणूवर, मी सरांना हसतोय — आणि सेटवर लहूकाका. 'पाणी घुसलं रे. धावा.' खोकला. लगेच सगळ्या बोटी सुरू — 'ए मिथ्या, गप!' 'काय रे मिथुन, आज सकाळीच बुडवलास काकाला?' खिदळतायत. बाबा माझ्याकडे बघतायत. आणि माझं तोंड बंद आहे ताई. बंद! मी माईक खेचला — 'आईशप्पथ मी नाही, मी इकडे आहे, काका खरा बुडतोय!' — तर अजून हसले. मग बाबांनी घेतला, 'अरे मी धाकू बोलतोय' — तर म्हणे वा, बापाचा पण काढलास, बाप चामडी सोलेल हां! आणि सगळे एकदम बोलले की सेटवर कुणाचंच नीट कळत नाही. काका मध्येच यायचा, अर्धा शब्द, की परत हसणं. वळणार कुठे? जागाच माहीत नाही.

मग सर उठले. हनुवटीला ओकारी तशीच. आमच्याच सेटचा माईक घेतला आणि आपल्या त्या रटाळ आवाजात — अक्षरं, आकडे, किती वाजले, 'ही मस्करी नाही, बाकीच्यांनी बटण सोडा, बुडणाऱ्या बोटीने आपली जागा सांगावी'. काकाने जीपीएसचे आकडे सांगितले, सरांनी वहीत लिहिले, वाचून दाखवले. एकेक आकडा दोन-दोनदा. सेट गप्प. कारण असं बोलणारा आमच्या बंदरात कुणी नाही ना! एवढं बोअर मिथ्याला येणारच नाही, हे सगळ्यांना माहीत. मग फिरल्या बोटी.

त्यांच्या वहीत बघा, पडल्या पडल्या वेळ लिहिली होती त्यांनी. काकाची पहिली हाक आणि सरांचा माईक, मध्ये अठरा मिनिटं. ती घाला ना सर्टिफिकेटात! उडी मारली मी, हो, काकाला धरला. बोट गेली. काका एका प्लास्टिकच्या डब्याला लटकलेला, ओठ निळे. वर घेतला, म्हटलं आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. 'माझा आवाज एवढा सोपा आहे काय रे?' — एवढंच विचारलं. आता दुसऱ्याच्या बोटीवर जातो. सेट पुढे केला की मान हलवतो, बोलत नाही.

काय? मोबाईल कशाला काढला? एकदा काढून दाखवू — काकाचा आवाज? तुमच्या ग्रुपवर टाकायला?



नाही येत मला.

उठा ताई. टब पाहिजे, सुकट भरायचीय.