शेवटचे दोन घास

ओमाहा शहरातल्या रस्त्यावरच्या एका बर्गरच्या हॉटेलात बिलाच्या रांगेत लोरेटा उभी होती. पुढच्या माणसाने नुकताच चार किलोचा बर्गर, विक्रमाची वेळ संपायला पाच मिनिटं बाकी असताना, दोन घास ठेवून सोडला होता. त्याची बायको त्याला विचारत होती.

“पोट भरलं होतं का, वेंडल?”

“नाही गं.”

“मग त्या दोन घासांनी तुझं काय घोडं मारलं होतं?”

“संपवला असता तर भिंतीवरचा ग्लेनचा फोटो काढून माझा लावला असता.”

“भावाचा विक्रम मोडायलाच आलो होतो ना? तो असता तर त्यानेच टाळ्या वाजवल्या असत्या.”

“असता तर.”

“मग मागवलास कशाला?”

“तेच मला कळत नाहीये.”

“आता इथे परत यायचंच नाही का?”

“यायचं की. मी आपलं सूप घेईन.”