सरांचा ७४१

गुरुभक्तीच्या गोष्टी सांगून राहिले ना, मग आमच्या कुडव्याच्या प्रवीणची ऐका. फायनल इयरला आम्ही दोघांनी एफएम ट्रान्समीटर बनवला. स्टेशन सरकू नये म्हणून त्यात फेज-लॉक लूप, आणि लूपच्या फिल्टरमध्ये ओपॅम्प, म्हणजे आठ पायांची चिप. गाइड सर म्हणाले, "७४१ नंबरचा ओपॅम्प लावा. आम्ही जिंदगीभर तोच लावला."

"सर, त्याची खरखर सीधी गाण्यात उतरते," प्रवीण म्हणाला. "लो-नॉइजवाला लावू?"

"काऊन? माझ्यापेक्षा जास्त शिकला का?"

लावला ७४१. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी रेडिओ सुरू केला, तर आत कोणी भजे तळून राहिलं अशी चरचर! मार्क गेले समजा. सर लगेच परीक्षकांना म्हणाले, "यांना किती सांगितलं, ओपॅम्प नीट निवडा!"

प्रवीणनं सप्लाय बंद केला, सॉकेटातून ७४१ उपटला आणि खिशातला लो-नॉइजवाला बसवला. सप्लाय चालू केला तर भजे बंद, गाणं साफ. परीक्षक खूश. सरांची छाती फुगली, "शेवटी मार्गदर्शन माझंच आहे."

"हो ना सर," म्हणत प्रवीणनं उपटलेला ७४१ त्यांच्या हातावर ठेवला. "हे घ्या तुमचं मार्गदर्शन. आत्ताच काढलं."