सहीशिवाय जावक नाही

अंबरनाथच्या एका कारखान्यात ईमेल यायचे, पण जायचे नाहीत, तेव्हाची गंमत सांगतो. मी तेव्हा बदलापूरहून कंप्युटर दुरुस्तीला फिरायचो. कारखान्याचे शेठ उल्हासनगरचे सिंधी. मला बघताच म्हणाले, "पार्टीचा मेल आलाय, पाचच्या आत कोटेशन पाहिजे. जल्दी कर, भाऊ!"

सेटिंग उघडतो तर काय, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नावच गायब!

"ते माझ्या वहीत आहे," शेजारच्या टेबलावरून सावंतकाका म्हणाले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर होऊन ते इथे आवक-जावक सांभाळायचे. "मीच पुसलं. आवक येऊ दे कितीही. पण सहीशिवाय जावक? अख्ख्या नोकरीत कधी सोडली नाही."

शेठ भडकले. "मतलब सकाळपासून माझा एकही मेल गेला नाही?"

"एकही नाही."

शेठ खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "सकाळी याच पार्टीला मी रागात शिव्या लिहिल्या होत्या. तो मेल पण गेला नाही?"

"त्यावर तुमची सही कुठे होती?"

शेठनी आधी मला तो मेल उडवायला लावला, मग खिशातलं पेन काढलं.

"काका, कोटेशनवर सही कुठे करू?"