खिडकीची जागा

स्वारगेटला हैदराबादच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं.

“खिडकीशी तू बस, प्रेमला.”

“मी? काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोरांनासुद्धा कधी खिडकी दिली नव्हतीत.”

“ऊन लागतं मला.”

“ऊन पलीकडच्या बाजूला आहे. काय लपवताय?”

“बायकोला खिडकी दिली तरी चौकशी!”

“परवा डॉक्टरांकडे एकटेच का गेलात?”

“चष्म्याचा नंबर वाढलाय. झालं समाधान?”

बस सुटली. हडपसर मागे पडलं.

“अहो, प्रवासात दर गावाची पाटी मोठ्यानं वाचता. आज गप्प कसे?”

“कंटाळा आलाय.”

“ही समोरची तेवढी वाचा. चांगली मोठी आहे.”

“लोणी काळभोर. त्यात वाचायचंय काय?”

“तिथं पाटी नाहीये. उसाचा ट्रॅक्टर उभा आहे.”

आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“अजिबात दिसत नाही?”

“उजेड कळतो.”

“मग हैदराबादची तिकिटं कशाला काढलीत?”

“तू चारमिनार कुठं पाहिलायस अजून?”

बाई खिडकीकडे वळल्या. मग त्यांचा आवाज आला.

“उरुळी कांचन.”

“मोठ्यानं वाच. पाटी अशी पुटपुटतात का?”