दहाव्याचं लुगडं

वच्छलाबाई : नाय बाई, तुमी चुकीचं समजून राह्यल्या. मी बन्शाची मावशी नाय, चुलती बी नाय. मी त्याची आई हाय.

मॅडम : बन्सीची आई?

वच्छलाबाई : व्हय. सोयगावची वच्छलाबाई.

मॅडम : अहो, पण बन्सीची आई तर...

वच्छलाबाई : मेली. तीच मी. बसू का इथं?

मॅडम : बसा, बसा ना. थांबा, या वह्या बाजूला करते. माझं डोकंच चालेनासं झालंय. गेले तीन महिने मी... पाणी देऊ तुम्हाला?

वच्छलाबाई : लेक येऊ द्या, मग पिईन. तुमी आपल्या वह्या तपासा, मी गप बसते.

मॅडम : वह्या कुठं पळून जातात. शिपायाला वसतिगृहावर पाठवलंय, येईलच बन्सी. पण मला सांगा, तुम्हाला हे कळलं कसं?

वच्छलाबाई : पेपरात आलं नव्हं का! फोटू हाय बन्शाचा, हातात भाषणाच्या बक्षिसाची ढाल धरलेला. कन्नडला माझा भाऊ ऱ्हातो, पुंजाराम. त्यो हाटेलात चहा पीत व्हता. तिथं कुनीतरी मोठ्यानं वाचून दाखिवलं. 'नुकतीच आई गमावलेल्या बन्सीनं आईच्या चितेची राख अजून गरम आहे असं म्हणताच सारं सभागृह रडलं.'

मॅडम : ते त्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य आहे.

वच्छलाबाई : पुंजारामाला काय ठावं, भाषण कंचं आन् खबर कंची? त्याला वाटलं, बहीन गेली आन् सासरच्यांनी सांगावा बी धाडला नाय. दहावा तरी गाठू म्हनून तसाच बाजारात गेला, लुगडं घेतलं, आन् एष्टीत बसला. दहाव्याला माहेरचं लुगडं लागतं ना.

मॅडम : अगं बाई! मग?

वच्छलाबाई : मग काय? मी अंगनात मिरच्या वाळू घालीत व्हते. मला पाह्यलं आन् त्यो खालीच बसला. आधी हसला. मग आमच्या मालकाला शिव्या घातल्या. मग लई रडला. जेवला सुदिक नाय. जाताना म्हनला, दहाव्याचं लुगडं माघारी न्येत नसत्यात, ठेव तुला. त्येच हे. नेसून आले.

मॅडम : हे? हे लुगडं?

वच्छलाबाई : मंग? चांगलं हिरवंगार हाय. पेटीत ठेवून काय करू? पुन्यांदा मरंपर्यंत कसर लागंल त्याला.

मॅडम : वच्छलाबाई, मला खरंच माहीत नव्हतं हो. देवाशपथ. त्याला आई नाही म्हणून मी दर गुरुवारी घरून डबा आणते त्याच्यासाठी.

वच्छलाबाई : काय देता डब्यात?

मॅडम : जे घरी असेल ते. कधी मेथी, कधी शेपू.

वच्छलाबाई : शेपू खातो?

मॅडम : डबा पुसून खातो.

वच्छलाबाई : माज्यापाशी ताट सरकवून द्यायचा. तुमी हितं शिकविता काय, बाई?

मॅडम : लिहायला आणि बोलायला. म्हणजे वेळापत्रकात तसं म्हटलंय. बावीस वर्षं झाली. वर्गात साठ मुलं. फुलंब्रीची एसटी चुकली की त्यातली चौदा गैरहजर. शहागंजच्या चार मुली उर्दू शाळेतून आल्यात. त्या बोलतात इतकं झकास, आणि कागद समोर ठेवला की रडकुंडीला येतात. समर्थनगरातल्या शिकलेल्या घरांतली पोरं घरूनच पाठ करून आल्यासारखी. तुमच्या बाजूची पोरं मागच्या बाकावर, खाली मान घालून. आणि सगळ्यांना पुस्तक एकच. सगळ्यांना मी एकच सांगते, सुरुवात अशी करा की झोपलेला माणूस उठून बसला पाहिजे.

वच्छलाबाई : पुंजाराम उठून बसला खरा.

मॅडम : हसू नका हो. हा गठ्ठा बघा. विषय आहे 'माझं दैवत'. काल रात्रीपासून तपासतेय. यातल्या एकवीस जणांच्या आया वारल्यात.

वच्छलाबाई : एकवीस? साथ आल्ती का काय?

मॅडम : बन्सीला ढाल मिळाली ना, तेव्हापासून.

वच्छलाबाई : म्हंजे त्या बी जित्याच?

मॅडम : मला नाही माहीत. एखादी खरंच गेली असेल, तर तीही यातच कुठंतरी असेल. मला आता ओळखू येत नाही, वच्छलाबाई. सगळ्यांना सारखेच गुण देतेय.

(बन्सी दारात येऊन उभा राहतो.)

बन्सी : मॅडम, शिपाई म्हणाला कुणीतरी... आई!

वच्छलाबाई : ये. भूत नाय मी.

बन्सी : तू कशी काय आलीस? घरी काय झालं?

वच्छलाबाई : घरी मयत झाली. मामा येऊन गेला.

बन्सी : कोन गेलं?

वच्छलाबाई : मीच की रं. पेपरात दिलंय ना तू.

बन्सी : ...आई, ते भाषण व्हतं.

मॅडम : किती ठिकाणी केलंस हे भाषण, बन्सी?

बन्सी : हितं. मग जालना, बीड, परभनी.

वच्छलाबाई : चार डाव मेले. आन् रविवारी पुन्याला शेवटचा सामना हाय म्हनं, तिथं पाचव्यांदा. बन्शा, मी भांडाया नाय आले. अजून किती डाव मरायचं हाय, तेवढं इचाराया आले. म्हंजे पुंजारामाला तसं कळवून ठेवते. दर बारीला लुगडं कुठून आनंल त्यो?

बन्सी : मला वाटलं, गावापर्यंत नाय जानार ते.

वच्छलाबाई : राख कुनाची सांगितलीस ती? गरम राख?

बन्सी : ...मनकर्नामावशीची.

मॅडम : ह्या कोण?

वच्छलाबाई : आमच्या शेजारची, मनकर्नाबाई. हिरीवर पानी शेंदत व्हती, काठ ढासळला आन् आत गेली. तिच्या मयतीला धा मानसं नव्हती, बाई. आन् ह्यानं तिचं मरन उचललं, मला लावलं, आन् चार गावच्या लोकांना रडविलं. तिच्यासाठी कुनी रडलं नाय ते नायच.

मॅडम : बन्सी, मी तुला हे शिकवलं का रे?

बन्सी : खरं सांगू?

मॅडम : सांग.

बन्सी : पह्यल्या वर्षी मी जित्या आईवर बोललो व्हतो. वर्गातच. तुमच्या ध्यानात नसंल.

मॅडम : आहे थोडंसं.

बन्सी : 'माझी आई लई पहाटं उठती' असं सुरू केलं. तर पुढची पोरं हसली. मला कळंना काहून हसले. मी म्हनलं, 'ती रानात जाती', तर अजून हसले. मग मी 'नाय' म्हनलं तरी हसत व्हते, 'व्हय' म्हनलं तरी हसत व्हते. मी तसाच बोलत राह्यलो. आन् तुमी तोंडाला पदर लावला.

मॅडम : मी हसले नव्हते.

बन्सी : हसल्या व्हत्या, मॅडम.

मॅडम : ...हसले असेन. पोरं हसायला लागली की आवरत नाही कधीकधी.

बन्सी : मग औंदा मेली म्हनून बोललो. तोंड त्येच, बोली बी जवळजवळ तीच. मधी दोनदा 'लई' म्हनलं, एकदा 'नाय' निसटलं. पर कुनी हसलं नाय. वरचा पंखा ऐकू येत व्हता. आई मेलेल्या पोराच्या बोलीवर कुनी हसत नाय, मॅडम.

वच्छलाबाई : हसले तवा मला का नाय सांगितलंस?

बन्सी : काय सांगू तुला? तू असं बोलतीस म्हनून मला हसत्यात, असं सांगू?

मॅडम : पुरे. मी आत्ताच पुण्याला पत्र लिहिते, रविवारचं नाव काढून घेते. चूक माझी आहे, मलाच निस्तरू दे. तसंही दमलेय मी या ढालींना.

वच्छलाबाई : नाव काढू नका, बाई.

मॅडम : अहो, तुम्हीच तर...

वच्छलाबाई : सोयगावचं पोरगं पुन्यात जाऊन बोलनार, त्याचं नाव कशाला काढता? जाऊ द्या त्याला. पर मी जिती राहीन. बन्शा, जितीवर बोल.

बन्सी : जित्या आईवर काय बोलू? तुझं काय झालंच नाय कधी.

मॅडम : बन्सी!

वच्छलाबाई : राहू द्या. खरं बोलला. काय झालं नाय.

बन्सी : तसं नाय, आई...

वच्छलाबाई : पेपरात मी 'मायेचा सागर' हाय. पुंजारामानं कात्रन आनलंय, मी वाचून घेतलं दोनदा. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी आला की 'भाकर वाढ' आन् 'बापाला सांगू नको', ह्याच्या म्होरं बोलत नाय माझ्याशी. मेल्यावर लई गोड बोललास रं तू.

बन्सी : मला तुज्याशी बोलता येत नाय. कशावर बोलू, ते कळत नाय.

मॅडम : हे मात्र माझ्या वर्गात बसून शिकण्यासारखं नाही. मलाही येत नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. विद्यापीठाचे होते, मुदत होती. असो. बन्सी, आईनं लुगडं कुठलं नेसलंय?

बन्सी : नवं दिसतंय.

मॅडम : विचारलंस का, कुठून आलं?

बन्सी : नाय.

वच्छलाबाई : तुज्या भाषणाचं हाय. मामानं दहाव्याला आनलं.

बन्सी : दहाव्याला? तुज्या?

वच्छलाबाई : मंग कुनाच्या?

बन्सी : आन् तू ते नेसून आलीस... आई, काढून टाक ते. मी दुसरं आनतो.

वच्छलाबाई : आता हितं काढू व्हय? बस खाली. रडू नको, बाईंच्या वह्या भिजतील.

मॅडम : बस, बन्सी. हा कागद घे. तुमची सोयगावची गाडी कितीला आहे?

वच्छलाबाई : चारला.

मॅडम : मग दोन तास आहेत. तिच्या समोर बस. विचार तिला, आणि ती सांगेल ते लिही. तिच्याच बोलीत. मी त्यात तांबड्या शाईनं काही करणार नाही.

बन्सी : पुन्यात हसतील, मॅडम.

मॅडम : हसतील. मी येते तुझ्याबरोबर. ढाल नाही मिळाली तर नाही. पण या वेळी तोंडाला पदर लावायची नाही, एवढं कबूल करते.

वच्छलाबाई : हसू द्या त्यांना. जिती हाय म्हनून तर हसतील.

बन्सी : आई.

वच्छलाबाई : काय रं?

बन्सी : सुरुवात कशी करू? पह्यलं काय इचारू तुला?

वच्छलाबाई : पानी इचार. पहाटच्या एष्टीनं आले मी.