वाक्यात उपयोग करा

लॉस एंजेलिसच्या लॉन्ड्रीत माझ्या शेजारी एव्हेलियो चादरींच्या घड्या घालता घालता बायकोला झापत होता.

"नूबिया, काल तुला न्यायला आलो, तर तुझा अख्खा इंग्रजीचा वर्ग मला बघून फिदीफिदी हसला!"

"ओळखतात तुला."

"ओळखणारच! भिंतीवर तुझी वाक्यं टांगलीत. 'घोरणे': एव्हेलियो चर्चमध्ये घोरतो. 'आळशी': एव्हेलियो. 'थापा': पुन्हा मीच!"

"बाई म्हणतात, रोज डोळ्यांसमोर असतं त्यावर वाक्यं करा, म्हणजे शब्द विसरत नाहीत."

"मग 'करपणे'ला तुझ्या आईच्या भाकऱ्या नाही सुचल्या?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"बरं, 'देखणा' शब्द होता ना यादीत? त्याला काय लिहिलंस?"

"त्याला पुस्तकातलंच वाक्य उतरवून काढलं."