जास्वंदीच्या मुळाशी

खालापूरच्या त्या नर्सरीवाल्याचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या इग्वानाच्या पेटीत जिवंत झाड लावायचं होतं. हा मोठा सरडा पालाच खातो, म्हणून जास्वंद घेताना मी तीनदा विचारलं, "औषध मारलंय का?"

"नाय ओ ताई, आमी काय पन मारत नाय."

कर्जतला घरी आल्यावर माती बदलायला कुंडी उलटी केली, तर मुळाशी जांभळे दाणे आणि कीटकनाशकाचा उग्र वास. झाड तसंच पेटीत ठेवलं असतं तर इग्वानाचा जीवच गेला असता. मी कुंडी उचलली आणि तडक परत गेले.

"खोटं का सांगितलंत?"

तो हसला. "फवारा नायच मारला. दाने टाकलेत. आन् एका सरड्यासाठी एवढं काय?"

"तो पानं खातो. हे विष पानांत चढतं, ठाऊक नाही तुम्हाला?"

"चढतं ना. पन मानसं थोडीच खातात जास्वंदीची पानं?"

शेजारी एक आजी रोप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि विचारलं, "मंग माज्या या कढीपत्त्यात काय टाकलंस रं?"